पेनड्राइव्हमधला आवाज

ई, जे, के, कॅपिटल बी, एच.

उजव्या बाणाची कळ एकेकदा दाबत गेलं की हेडफोनमधून ही पाच इंग्रजी अक्षरं ऐकू येतात. पडद्यावर त्याच वेळी ठळक, सुबक देवनागरीत एकच शब्द असतो : मराठी. मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. या जातीच्या जुन्या फॉन्टांमध्ये संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा तेवढा चढवलेला असतो. बघणाऱ्याचं काम मुखवट्यावर भागतं. स्क्रीन रीडर मुखवट्याआडचं वाचतो. आणि पूर्ण शब्द एकदम वाचायला लावला, तर घशात घास अडकल्यासारखा एक आवाज काढून पुढे जातो.

ही नोट्सची फाइल कॉलेजच्या लॅबमध्ये, सगळ्यांनी वापरायच्या संगणकावर उघडली आहे. तिच्यासमोर बसलेल्या मुलीला दिसत नाही. समजा, ती बावड्याची आहे.

बावडा म्हणजे इंदापूर-अकलूज रस्त्यावरचं गाव. आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरचा मुक्काम हलवून इथूनच सराटीकडे जाते आणि नीरेत पादुकांना स्नान घालून सोलापूर जिल्ह्यात शिरते. आजूबाजूला ऊस. जवळच नीरा नरसिंहपूर, जिथे नीरा भीमेला मिळते. दहावी-बारावीनंतर पुढे शिकायचं तर इंदापूर गाठायचं, नाहीतर बारामती. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ चं, विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ ची. हा सगळा मुलूख १९४९ साली सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाच्या, आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेतला. आपली मुलगी यांपैकी कुठल्याही गावातल्या कुठल्याही कॉलेजात असू शकेल, किंवा नाशिकच्या, नगरच्या. ती कुणी एक नाही, म्हणून तिला नाव नको. तिला जे जे करावं लागतं ते मात्र खरं आहे, आणि कळीगणिक सांगता येण्यासारखं आहे.

घरी तिच्याकडे फोन आहे. अँड्रॉइडचा टॉकबॅक आणि गूगलचा मराठी आवाज यांवर ती व्हॉट्सॲप वाचते, मैत्रिणीला उत्तर देते, पैसे पाठवते. मग संगणक हवाच कशाला, असा प्रश्न तिला घरचेही विचारतात. ज्याने काचेवर बोट सरकवत वीस पानांचा प्रकल्प टाइप केलाय, त्यात तळटिपा टाकल्यात आणि तक्ता आखलाय, तो हा प्रश्न विचारणार नाही. बीएचा प्रकल्प, शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज, ग्रंथालयाची सूची, पुढे नोकरीची परीक्षा, हे सगळं अजून कीबोर्डचंच काम आहे. लॅपटॉप घ्यायची ऐपत असती तर गोष्ट वेगळी. ती नाही, म्हणून लॅब.

लॅबमध्ये शिरल्यावर तिची पहिली लढाई आवाजाशी होते. स्क्रीन रीडर हे शेवटी एक सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर जे आहे ते बोलून दाखवायचं, आणि वापरणाऱ्याला माऊसऐवजी कीबोर्डवर सगळं करू द्यायचं, एवढं त्याचं काम. यातलं एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर तिच्या पेनड्राइव्हमध्ये आहे. ते संगणकात बसवावं लागत नाही, पेनड्राइव्हवरूनच चालतं. आवाजाचा वेग, स्वतःच्या सवयीच्या कळा, जोडलेल्या जादा सोयी, सगळं त्याच्याबरोबर फिरतं. चष्मा खिशात घालून फिरावं तसं. पण चष्मा सापडायला डोळे लागत नाहीत, आणि पेनड्राइव्हमधली फाइल सापडायला मात्र आवाज लागतो, जो अजून सुरूच झालेला नाही!

यावर सरावलेले लोक एक युक्ती करतात. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबल्या की एक छोटी चौकट उघडते. तिच्यात, काहीही ऐकू येत नसताना, आंधळेपणाने (शब्द इथे अक्षरशः घ्यावा) टाइप करायचं : ई, कोलन, उलटी तिरकी रेघ, एनव्हीडीए, पुन्हा रेघ, पुन्हा एनव्हीडीए. एंटर. पेनड्राइव्हला संगणकाने ‘ई’ हे अक्षर दिलं असेल तर दोनेक क्षणांत चढत्या सुरांची बारीकशी धून वाजते आणि बोलणं सुरू होतं. धून वाजली नाही तर समजायचं, ‘ई’ नाही. पुन्हा एंटर मारून चुकीची सूचना घालवायची आणि ‘एफ’ टाकून बघायचं. मग ‘जी’. हे जमत नसेल तर विंडोजमध्ये मुळातच असलेला नॅरेटर उठवायचा : विंडोज, कंट्रोल आणि एंटर. त्याच्या आवाजाचा हात धरून पेनड्राइव्हपर्यंत जायचं, एनव्हीडीए सुरू झालं की नॅरेटरला निरोप द्यायचा.

आणि तरीही शांतताच असेल तर? मग संगणक म्यूट आहे. किंवा स्पीकर नाहीत. किंवा हेडफोनची पिन बसते ते मागचं भोक कधीकाळी निखळलंय. लॅबमध्ये कुणालाच आवाज लागत नाही, त्यामुळे तो बंद असल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून जाणती मुलं यूएसबीचा हेडफोन बाळगतात. त्याच्यात आवाजाचं स्वतःचं यंत्र असतं, संगणकाच्या मोडक्या भोकावर तो विसंबून राहत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि घडीची पांढरी काठी यांच्याबरोबर ही दोन हत्यारं असतात.

हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि ते फुकट असण्यामागे एक गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातले मायकेल करन आणि जेम्स टेह लहानपणी दृष्टिहीन मुलांच्या एका संगीत शिबिरात भेटले. २००६ साली करन यांनी स्वतःच स्क्रीन रीडर लिहायला घेतला. कारण साधं होतं. तोवरच्या चांगल्या स्क्रीन रीडरसाठी एवढे पैसे पडत, की संगणक डोळस माणसाला जेवढ्याला मिळे त्याच्या कितीतरी पट खर्च आंधळ्या माणसाला येई. २००७ साली दोघांनी मिळून संस्था काढली. कोड सर्वांना खुला ठेवला.

त्याआधीचं मोठं नाव ‘जॉज’. टेड हेंटर हे अमेरिकी गृहस्थ मोटरसायकलच्या शर्यतींत उतरणारे. १९७८ मध्ये गाडीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. मग ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि १९८९ मध्ये डॉसवर चालणारा जॉज त्यांच्या कंपनीने बाजारात आणला. त्या काळी ‘फ्लिपर’ नावाचा, म्हणजे सिनेमातल्या डॉल्फिनच्या नावाचा स्क्रीन रीडर चालत होता. त्याला टक्कर द्यायला यांनी सिनेमातलाच शार्क निवडला. १९९५ मध्ये जॉज विंडोजवर आला आणि जगभरच्या विद्यापीठांनी तो घेतला. भारतातही कॉलेजांत, संस्थांत स्क्रीन रीडर म्हणजे जॉज असं समीकरण बरीच वर्षं होतं.

पण परवाना महाग, म्हणून कॉलेज एकच घेणार. तो एका संगणकावर चढणार. तो संगणक मग ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात ठेवला जाणार, आणि त्याच्यावर पाटी लागणार. परवाना नसलेला जॉज चाळीस मिनिटं चालतो आणि नंतर संगणक पुन्हा सुरू करायला लावतो. त्या चाळीस मिनिटांत प्रकल्पाचं एक पान होतं.

कोपऱ्यातल्या या संगणकाबद्दल थोडं कठोर बोलायला हवं. तो दिला जातो चांगल्या मनाने, त्याचं उद्घाटनही होतं. पण दृष्टिहीन विद्यार्थी एक किंवा दोन, तेही रोज येत नाहीत, म्हणून तो संगणक हळूहळू कुणाचाच राहत नाही. त्याचं विंडोज जुनं होतं, हेडफोन कपाटात जातो, कपाटाची किल्ली एका मॅडमकडे राहते आणि मॅडम बाळंतपणाच्या रजेवर जातात. वर्गातली बाकीची मुलं लॅबमध्ये एका रांगेत बसून एकमेकांच्या पडद्यात डोकावत, एकमेकांचं ढापत शिकत असतात, तेव्हा ही मुलगी दुसऱ्या इमारतीत एकटी. एनव्हीडीए लॅबमधल्या प्रत्येक संगणकावर टाकलं तर त्याला एक पैसा लागत नाही. ते बोलावल्याशिवाय बोलत नाही. ज्याला नको त्याला ते असल्याचा पत्ताही लागत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी कोपराच का निवडला जातो? कोपऱ्याचा फोटो काढता येतो, तीस संगणकांवरच्या एका न दिसणाऱ्या सॉफ्टवेअरचा काढता येत नाही, हे त्याचं एक उत्तर असावं.

लॅब असिस्टंटची बाजूही ऐकायला हवी. तीस संगणक, दिवसाला पाच-सहा बॅचेस, आणि प्रत्येक बॅचमध्ये एक तरी उपद्व्यापी. म्हणून ॲडमिन पासवर्ड एकट्या सरांकडे. पेनड्राइव्हमधून व्हायरस येतात म्हणून काही लॅबमध्ये यूएसबीची दारंच बंद. आणि संगणक पुन्हा सुरू केला की आदल्या दिवशीचे सगळे बदल पुसून मूळपदावर आणणारं ‘डीप फ्रीझ’सारखं सॉफ्टवेअर. कुणी प्रेमाने एनव्हीडीए बसवलंच, पण आधी ते ‘फ्रीझ’ उघडायचं राहिलं, तर दुसऱ्या सकाळी संगणकाला काही आठवत नसतं.

पेनड्राइव्हवरच्या आवाजालाही मर्यादा आहेत. लॉगिनच्या पडद्यावर तो बोलत नाही, कारण तोवर तो सुरूच झालेला नसतो. मध्येच विंडोजने काळा पडदा टाकून ‘हा बदल करू द्यायचा का?’ असं विचारलं, तर तिथेही तो गप्प होतो. विंडोज त्या क्षणी बाहेरच्या कुणालाच आत घेत नाही. संगणकात रीतसर बसवलेलं एनव्हीडीए ही दोन्ही ठिकाणं वाचतं. म्हणजे फरक पडतो तो सरांच्या पासवर्डने एकदाच, दहा मिनिटं खर्च करण्याचा.

“सर, पासवर्ड टाकता का जरा?”

“पासवर्ड मोठ्या सरांकडं आहे, ताई. ते आज विद्यापीठात गेलेत.”

हा संवाद कुठल्याही लॅबमध्ये ऐकायला मिळेल, आणि त्यात कुणीही दुष्ट नाही.

सामायिक यंत्रावर हे जमू शकतं याचा पुरावा आपल्याकडेच आहे, आणि तो रस्त्याच्या कडेला उभा आहे. २०१२ साली युनियन बँकेने अहमदाबादेत देशातलं पहिलं बोलणारं एटीएम सुरू केलं. त्यात मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या दृष्टिहीनांसाठीच्या केंद्राचा सहभाग होता. हे केंद्र २००३ पासून चालतं. बोलणाऱ्या एटीएमला इअरफोनची पिन खोचली की यंत्र बोलू लागतं, पिन काढली की पुन्हा मुकं. पिन नंबर कुणी ऐकत नाही, मागच्या रांगेला काही फरक जाणवत नाही. दिवसभरात शेकडो अनोळखी हात ज्या यंत्राला लागतात, तिथे हे बसलं. कॉलेजच्या लॅबमध्ये तर सगळे ओळखीचे असतात.

त्याच झेवियर्समध्ये उल्हासनगरच्या प्रांजल पाटील शिकल्या. लहानपणीच दृष्टी गेलेली, शाळा दादरची कमला मेहता अंधशाळा. २०१६ साली लागलेल्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेच्या निकालात त्या ७७३ व्या आल्या, पण रेल्वेच्या लेखा सेवेने दृष्टी नसल्याचं कारण पुढे करून त्यांना नाकारलं. पुढच्याच वर्षी त्या १२४ व्या आल्या आणि आयएएस झाल्या. त्यांनी अभ्यासासाठी जॉज वापरल्याचं त्या वेळच्या बातम्यांत सगळीकडे आलं होतं. बातम्यांचा भर अर्थातच जिद्दीवर होता. जिद्द खरीच. पण स्कॅन करून कुणीतरी वाचण्याजोगी केलेली पुस्तकं आणि आवाज चालू असलेला एक संगणक यांचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो, आणि नेमकं तेच बावड्याच्या मुलीला हवं असतं.

आता पुन्हा त्या फाइलीकडे.

एनव्हीडीए इंग्रजी मजकूर सहज वाचतं. चांगल्या बनवलेल्या पानावर ‘एच’ दाबत मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारता येतात, ‘के’ने दुव्यांवर, ‘टी’ने तक्त्यांवर. सरावलेला माणूस आवाज इतका वेगवान ठेवतो, की शेजारी बसलेल्याला ती मधमाश्यांची गुणगुण वाटते. मराठीत आल्यावर मात्र गाडी बैलगाडी होते. जुन्या फॉन्टाचा मुखवटा सुरुवातीला पाहिलाच. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांनी मराठी छपाईचं एक युग उभं केलं, त्यांचं ऋण नाकारायचं नाही. पण युनिकोड येऊन तीस वर्षांवर झाली. तरीही शिक्षकांच्या संगणकात पंधरा वर्षांपूर्वी टाइप केलेल्या नोट्स तशाच आहेत, कारण छापून वाटायला त्या उत्तम आहेत.

युनिकोडमध्ये ‘मराठी’ लिहिणं अवघड नाही. सरकारी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर सी, जे, ई, शिफ्ट धरून अवतरणचिन्ह, मग आर. न बघता टाइप करणाऱ्याला हा कीबोर्ड फार सोयीचा : स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. आणि कुठल्याही कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर जे बारीक उंचवटे असतात, तिथे इनस्क्रिप्टमध्ये पहिली वेलांटी आणि ‘र’ येतात. बोटं तिथे टेकली की बाकीचा मुलूख आपोआप सापडतो. या उंचवट्यांचा उपयोग काय, हे माऊसवर वाढलेल्या कित्येकांना आयुष्यभर कळलेलं नसतं. गावोगाव एमएस-सीआयटीच्या वर्गांत संगणक शिकलेल्या पिढीची सुरुवात ‘इथं क्लिक करा’ने झाली; ‘इथं’ म्हणजे कुठं, हे न दिसणाऱ्याने कसं ओळखायचं?

फॉन्टापेक्षा वाईट म्हणजे फोटो. व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या नोट्स म्हणजे पुस्तकाच्या पानाचे, अंगठ्यासकट काढलेले फोटो. तेच एकत्र बांधून केलेली पीडीएफ. स्क्रीन रीडरला त्यात काहीच सापडत नाही. पान कोरं असल्यासारखं तो सांगतो. अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअरं मराठी वाचतात, गूगल लेन्सही वाचतं, पण मळक्या झेरॉक्सवरचा अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांतला फरक त्यांना दर वेळी कळतोच असं नाही.

आणि समजा मजकूर युनिकोडमध्ये आहे, स्वच्छ आहे. तरी वाचणाऱ्या आवाजाला मराठी यायला हवी. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठी आहे. यांत्रिक, नाकातली, पण आहे. ती निवडलेली नसेल तर देवनागरी दिसताच तो हिंदीच्या वळणाने वाचू लागतो. निवडली तरी ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चहा’तला ‘च’ त्याला वेगळे कळणं कठीण, कारण लिपीतच तो फरक दाखवलेला नाही. ‘जग’ आणि ‘जहाज’ यांचं तेच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत मान कुणाला आणि भांडी कुणाला, हे ऐकणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं. मराठीचा पेपर देणाऱ्या मुलीला ऱ्हस्व-दीर्घ तर कानाने कळणं मुश्कीलच. ती शब्दावर थांबते, एकेक अक्षर ऐकते, पहिली की दुसरी वेलांटी ते तपासते. शुद्धलेखनावर डोळस मुलं देतात त्यापेक्षा जास्त वेळ ती देते, आणि बऱ्याचदा जास्त चांगलं लिहिते.

ब्रेलचा पर्याय आहेच. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलं. पुण्यात मीरा बडवे यांची ‘निवांत अंधमुक्त विकासालय’ ही संस्था १९९६ पासून शाळा संपलेल्या दृष्टिहीन मुलांच्या पुढच्या शिक्षणाचं बघते. पण दर सत्राला बदलणारा अभ्यासक्रम ब्रेलच्या जाड खंडांत उतरवणं हे एकेका कॉलेजच्या आवाक्यातलं काम नाही. पुस्तकं वाचण्याजोगी करून वाटायला कायद्याची आडकाठीही आता नाही. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्काच्या कायद्यात तशी सूट आली, २०१४ मध्ये याच विषयावरच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला, आणि २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय उघडलं.

कायदा एकूण मुलीच्या बाजूनेच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान पाच टक्के जागा ठेवल्या. प्रवेश मिळाला, आता वाचायचं कसं, हा प्रश्न त्यानंतरचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी खटल्यात नेमकं यावर बोट ठेवलं. सुगम्यतेचे निकष नियमांत ‘शिफारस’ म्हणून ठेवले होते. ते बंधनकारक हवेत असं सांगून न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला. रातुरी स्वतः दृष्टिबाधित. याचिका २००५ ची.

सामायिक संगणकाची खरी परीक्षा परीक्षेतच असते. आजही बहुतेक दृष्टिहीन विद्यार्थी लेखनिक घेऊन पेपर देतात. लेखनिक शोधणं हा सत्रागणिक येणारा ताप : ओळखीतलं कुणीतरी हवं, त्याची स्वतःची परीक्षा नको, त्याचं अक्षर बरं हवं, आणि त्या दिवशी त्याच्या घरी लग्न नको. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ होता, आणि पेपर संगणकावर लिहिण्याचा पर्यायही होता. पण त्यात एक अट होती. स्वतःचा लॅपटॉप आणता येणार नाही. परीक्षा केंद्राचाच संगणक वापरायचा, आणि तो आदल्या दिवशी तपासून बघण्याची मुभा विद्यार्थ्याला द्यायची.

कॉपीच्या भीतीने घातलेली ही अट समजण्यासारखी होती. पण तिचा अर्थ असा, की ऐपत असलेल्या मुलालाही त्या दिवशी लॅबच्याच संगणकावर बसावं लागणार. आणि पेनड्राइव्ह आत नेऊ देतील की नाही, हे केंद्रावरच्या पर्यवेक्षकावर. म्हणजे आवाज त्या संगणकात आधीपासून बसवलेलाच हवा. मराठी आवाज निवडलेला हवा. इनस्क्रिप्ट चालू हवा. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये हवी, फोटो नको. आदल्या दिवशी तपासायला मुलगी येईल, तेव्हा लॅब उघडी हवी. यातलं काहीही खर्चाचं नाही. एका माणसाने दुपारी चहाच्या आधी करून टाकावं एवढंच.

लॅबची वेळ संपत आलीय. मुलगी त्या कृतिदेवच्या फाइलवर एक ऑनलाइन फॉन्ट-परिवर्तक चालवून बघते. अर्धी-अधिक जोडाक्षरं नीट उतरतात, ‘क्ष’चं काहीतरी बिनसतं, पण आता संगणक ‘मराठी’ म्हणतो. ती नोट्सची एक प्रत पेनड्राइव्हवर घेते. इन्सर्ट आणि क्यू, मग एंटर. उतरत्या सुरांची धून वाजते आणि हेडफोन गप्प होतो. ती पेनड्राइव्ह काढते, वायर गुंडाळते, खुर्ची आत सरकवून काठी उघडते. बावड्याच्या गाडीला अजून थोडा वेळ आहे.

तिच्या जागी पुढच्या बॅचचा एक मुलगा बसतो. विंडोजने टिंग केलं म्हणून तो चपापून उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर जातो आणि आवाज शून्यावर आणून ठेवतो.